वायपर थांबतो तेव्हा

चिपळूणमध्ये जूनची पहिली मोठी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपसमोर लहान गाड्यांची रांग लागते. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर. तक्रार एकच: वायपर चालत नाही. मालक बरोबर निदानही घेऊन आलेला असतो, "मोटर गेली, बदलून टाका."

मी गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. वायपरची मोटर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दोषाने मरते. तो दोष न शोधता नवी मोटर बसवली, तर तीही त्याच वाटेने जाते.

दोष तयार होतो तो कोरड्या महिन्यांत. वायपरचा आर्म ज्या दांडीवर बसतो, ती दांडी काचेखालच्या बुशमधून फिरते. ऑक्टोबर ते मे ती जवळजवळ हलतच नाही. आधीच्या पावसाळ्यात बुशमधून झिरपलेल्या पाण्याने ग्रीस धुऊन गेलेलं असतं. त्यात धूळ बसते, किनाऱ्याकडची खारी हवा लागते, आंब्या-फणसाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेखालच्या जाळीत पानं कुजतात. दांडीला गंज धरतो आणि ती बुशमध्ये आवळत जाते. मग पहिल्या पावसात मोटरला काच पुसण्याआधी हा गंज फिरवावा लागतो. ती जास्त करंट ओढते, तापते, कधी फ्यूज उडतो, कधी तिच्यातल्या नायलॉनच्या गिअरचे दात जातात. अखेर नाव मात्र मोटरचं होतं.

म्हणून मी आधी पाना उचलत नाही. काच ओली करतो, चावी फिरवतो आणि ऐकतो. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघायचा. उडालेला असेल तर तो का उडाला हे कळेपर्यंत दुसरा टाकण्यात अर्थ नाही, आणि मोठ्या अँपिअरचा तर मुळीच टाकायचा नाही. तसं केलं तर वायर जळते. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दोन्ही आर्म जागचे हलत नाहीत, तेव्हा आत मोटर आणि दांड्या जोडणाऱ्या लिंकेजची वाटी गोळीवरून निसटलेली असते. एकच आर्म हलत नसेल तर त्याचा नट ढिला असतो किंवा आतले खाचे झिजलेले असतात. फक्त जोरात चालतो, हळू चालत नाही, असं असेल तर स्टिअरिंगखालचा स्विच किंवा मोटरमधले कार्बन तपासायचे. या मोटरमध्ये तीन कार्बन असतात. हळू गतीला समोरासमोरचे दोन वापरात असतात आणि जोरात चालवताना तिसरा, थोडा बाजूला बसवलेला, कामाला येतो. त्यामुळे एक गती जाऊनही दुसरी शाबूत राहू शकते.

बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबतो, ही तक्रार मला विशेष आवडते, कारण तिच्यात या यंत्राची हुशारी दिसते. आपण स्विच बंद करतो तेव्हा मोटरचा करंट लगेच तुटत नाही. गिअरवरच्या चकतीतून तो चालू राहतो, आर्म खाली आपल्या जागेवर येईपर्यंत. तिथे करंट तुटतो आणि मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे ती पुढे न घसरता जागच्या जागी थांबते. चकतीवरचा संपर्क मळला की हे सगळं बिघडतं. अनेकदा मोटरचं झाकण उघडून चकती साफ केली, पत्ती नीट बसवली की काम होतं.

वायपर चालतो पण रडत-खडत, तेव्हा खरी परीक्षा असते. एक शिक्षक अल्टो घेऊन आले होते. दुसरीकडे मोटर नवी घातली होती, तरी घाटात गती पडायची. "काका, नवीन मोटर पण तशीच निघाली का हो?" त्यांनी विचारलं. मी लिंकेज मोटरपासून सोडवून मोटर एकटी चालवली; झकास फिरली. मग प्रत्येक दांडी हाताने फिरवून पाहिली. ड्रायव्हरच्या बाजूची सहज फिरली, दुसरी हातानं हलेना. "सर, मोटर चांगली आहे, तिला ओढायला लावलंय ते वाईट आहे," मी म्हणालो.

दांडी बाहेर काढली, रॉकेलने धुतली, बारीक पॉलिश पेपर मारून गंज घालवला, रबरी रिंग नवी टाकली आणि ग्रीस भरून बसवली. सामान थोड्या पैशांचं, लागली ती मेहनत. दांड्या मोकळ्या असूनही गती मंद असेल, तर मोटर चालू ठेवून तिची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावायचा. काटा जवळजवळ शून्यावर पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग गंजलेलं आहे. एक बोल्ट खरवडून घट्ट केला की वायपर पुन्हा उचल खातो.

काम करताना काही गोष्टी मी कधी सोडत नाही. लिंकेजमध्ये हात घालण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं. अचानक फिरलेलं लिंकेज बोट चिरडतं. आर्म काढण्याआधी काचेवर खडूने खूण करायची. बसवण्याआधी मोटर एकदा चालवून बंद करायची, म्हणजे ती आपल्या थांब्यावर येते. ब्लेड काढलं असेल तर काचेवर जाड फडकं ठेवायचं, कारण नुसता आर्म सुटून आपटला तर काच तडकते.

काचेवरच्या रेघा आणि थरथर मात्र मोटरकडे पाहून सुटत नाहीत. रबराची धार प्रत्येक फेरीच्या टोकाला दुसऱ्या बाजूला कलंडली पाहिजे. रबर कडक झालं की ते कलंडत नाही आणि जाताना गप्प, येताना थरथरतं. रबर नवं असूनही तसंच होत असेल तर आर्मला पीळ पडलेला असतो. आणि घाटात ट्रकमागे चालून काचेवर तेलकट थर बसला असेल, तर साबणाच्या पाण्याने काच धुणं हाच उपाय. वायपर बंद पडल्यावर काचेवर तंबाखू चोळण्याची ट्रकवाल्यांची युक्ती जुनी आहे; तिने पाण्याचे थेंब मोडून पातळ पडदा होतो आणि जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचता येतं. त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये.

वायपर आला तोच समोरचं दिसावं म्हणून. अमेरिकेत अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये वायपरचं पेटंट मिळालं. त्यांचा वायपर आतून हाताने दांडा ओढून चालवायचा होता. ट्रामच्या चालकाला बर्फात समोरचं दिसत नाही, हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. आज मोटर आली, दोन गती आल्या, थांबून थांबून चालणं आलं, तरी प्रश्न तोच आहे: चालवणाऱ्याला समोरचं दिसतंय का? कुंभार्ली घाटात रात्री, धुक्यात, समोरून एसटी येत असताना तो प्रश्न जिवावरचा होतो.

आता सगळीकडे पूर्ण सेट बदलण्याची रीत पडते आहे. वेळ वाचतो, हे खरं. पण कारण न शोधता केलेली दुरुस्ती अर्धीच असते आणि उरलेला अर्धा दोष गिऱ्हाईक घरी घेऊन जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी मोटर खोलायला नंतर शिकवतो, आधी दांडी हाताने फिरवून पाहायला लावतो.

तुम्हाला विनंती एवढीच. मे महिना संपण्याआधी काच ओली करून वायपर दोन्ही गतींवर चालवून बघा, जाळीतली पानं काढा, रबर बोटाने चाचपा. वायपर रेंगाळत असेल तर तेव्हाच दाखवा. आणि कुणी लगेच "मोटर बदला" म्हणालं, तर त्याला आधी विचारा: दांडी फिरवून पाहिलीत का?