टाक्यांचा ताळेबंद

बँकेतल्या कारकुनाची सगळी हयात टाचणीबरोबर जाते. सुईशी त्याचा संबंध येत नाही. टाचणी स्वभावाने आमच्यासारखीच. एकदा कागदात खुपसली की गंज चढेपर्यंत तिथेच. सुईला मात्र सारखं पुढे जायचं असतं.

माझ्या हाती ती आली आईमुळे. आईने पाच-सहा वर्षं, दुपारच्या चहाआधी बसून, क्रोशाने लोकरीचे चौकोन विणले होते. मध्ये खांबांचं फूल, भोवती रंग बदलत गेलेल्या ओळी आणि शेवटी मुक्या खांबांची पांढरी किनार. असे ४८. ते जोडून पांघरूण करायचं आणि जूनमध्ये नातीने ते वसतिगृहात न्यायचं, असा बेत. पण काचबिंदूने आईची नजर कडेकडेने खात आणली, आणि जोडायच्या वेळी तिला पांढऱ्यावर पांढरा टाका दिसेना. आमच्या घरात शर्टाची बटणं मीच लावतो. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

बी. कॉम. असल्यामुळे मी आधी कागद घेतला. एका ओळीत सहा, अशा आठ ओळी. एकमेकींना भिडणाऱ्या कडा ८२. दर कडेला १५ टाके. एकूण १,२३०! आकडा ऐकून आई म्हणाली, "अरे, कडा कसल्या मोजतोस? सरळ शिवत जायचं. आडव्या सात शिवणी, उभ्या पाच. झाल्या बारा." वीस वर्षांच्या नोकरीत ब्याऐंशीचे बारा इतक्या सफाईने झालेले मी पाहिले नव्हते.

मग सूचना सुरू झाल्या. सुई बोथट आणि मोठ्या नेढ्याची. लोकर एका वावेहून लांब नको, पिंजते. टाक्याचे दोन पदर दिसतात, त्यातला फक्त मागचा उचल. दोन्ही उचललेस तर मध्ये बांध येईल. गाठ मारू नकोस, गाठ सुटते. टोक उलटं फिरवून आत दडव. आणि ओढू नकोस, पोतं शिवत नाहीयेस!

चौकोन पलंगावर मांडून मी प्रत्येकावर व्हाउचरसारखी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली. तेवढ्यात सौ. आत आली, "काय उकडतंय बाई!" म्हणाली आणि तिने पंखा लावला. १ ते ४८ क्रमांक पलंगाखाली गेले. "दोन निळे शेजारी येऊ देऊ नकोस, बाकी कुठेही लाव," आई म्हणाली.

तिसऱ्या शिवणीत घोटाळा निघाला. एका बाजूला टाका उरला, समोर घरच नाही. मी तीनदा मोजलं. एका चौकोनाची कड १४ ची होती. पूर्वी रोकड एक रुपयाने कमी भरली तरी आम्ही रात्री आठपर्यंत शाखेत बसायचो. ते रक्त उसळलं. मी चौकोन आईच्या हातात दिला. तिने कडेवरून अंगठा फिरवला.

"हा होय? हा तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या रात्रीचा. दवाखान्यातल्या बाकावर विणला. राहिला असेल एक."

त्या बाकावर मीही होतो, कालचं वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करत. बाबा तिथून घरी आले नाहीत.

"उसवू?" मी विचारलं.

"नको. त्याच्या एका घरात दोनदा सुई घाल. मिळेल."

जुळत नसलेली रक्कम ठेवायला बँकेत सस्पेन्स खातं असतं. मी एका घरात दोनदा सुई घातली. मिळालं.

मेअखेरीस बारावी शिवण संपली. आईने पांघरूण मांडीवर घेतलं आणि एकेका शिवणीवरून अंगठा नेत गेली. दोनदा सुई घातलेल्या जागेवरून तो बिनबोभाट पुढे गेला. मी श्वास सोडला. पाचव्या आडव्या शिवणीवर अंगठा थांबला.

"इथे ओढलंस. इथपासून उसव."

जून लागायला चार दिवस होते. मी कात्री शोधायला उठलो.