एडेर कोणाला आठवतो?

‘पिलर्स ऑफ इटर्निटी 2: डेडफायर’ हा रोल-प्लेइंग खेळ 8 मे 2018 रोजी बाजारात आला, तेव्हा समीक्षकांनी त्याचं भरभरून कौतुक केलं. पहिल्या भागात खटकलेल्या बहुतेक गोष्टी दुरुस्त झाल्या होत्या. लढाया सुटसुटीत झाल्या होत्या, संवादांना आवाज मिळाले होते, नकाशा देखणा होता आणि निर्णयांचे परिणाम दूरवर पोचत होते. तरीही खेळ खपला नाही. पहिल्या भागाच्या तुलनेत तो इतका मागे पडला, की दिग्दर्शक जॉश सॉयर यांनी पुढे त्याबद्दल जाहीरपणे लिहिलं. नेमकं कारण सांगणं अवघड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कदाचित पहिल्याच भागाने लोकांची भूक भागली असेल. कदाचित दुसरा आल्याचं पुरेशा लोकांना कळलंच नसेल. किंवा पहिला भाग इतका खपूनही लोकांना तो मनातून तितकासा आवडला नसेल.

मी पुण्यात बसून खेळांसाठी कथा आणि संवाद लिहिते. या तीन शक्यतांपैकी तिसरी मला सगळ्यात जास्त छळते, कारण फक्त तीच लेखकाच्या अखत्यारीत येते. जाहिरात किती करायची हे आम्हाला कोणी विचारत नाही. एखाद्या प्रकारच्या खेळाची हौस किती काळ टिकेल, हेही आमच्या हाती नसतं. पण पहिल्या भागात भेटलेलं एखादं पात्र तीन वर्षांनी खेळणाऱ्याच्या मनात उरलंय की नाही, हे आमच्या लिहिण्यावर ठरतं. पुढच्या भागाचा खप बराचसा तिथेच ठरून जातो, असं माझं ठाम मत आहे. दुसरा भाग किती चांगला आहे हे तो विकत घेतल्यावर कळतं. घ्यावासा वाटतो तो पहिल्या भागाच्या आठवणीवर.

आकडे आधी पाहू. 2012 साली कॅलिफोर्नियातल्या ऑब्सिडियन या स्टुडिओने पहिल्या भागासाठी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. 1998 च्या ‘बाल्डर्स गेट’च्या घराण्यातला खेळ करू, असं त्यांचं वचन होतं: वरून तिरकस दिसणारं जग, सहा जणांची टोळी, लढाई हवी तिथे थांबवून एकेकाला हुकूम देण्याची सोय. मोठे प्रकाशक असल्या खेळांत तेव्हा पैसा घालत नव्हते. जवळजवळ 74 हजार लोकांनी मिळून 40 लाख डॉलरला थोडी कमी अशी रक्कम दिली, मार्च 2015 मध्ये खेळ आला आणि सुमारे वर्षभरात त्याच्या सात लाखांच्या आसपास प्रती गेल्या. दुसऱ्या भागासाठी 2017 च्या सुरुवातीला फिग या मंचावर मोहीम झाली. रक्कम जमली 44 लाख डॉलर, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. बातम्या झाल्या त्या याच आकड्याच्या. देणारी माणसं मात्र 33 हजारांच्या थोडी वर होती. फिगवर लोक देणगीबरोबर नफ्यातल्या वाट्यासाठीही पैसे गुंतवत होते, आणि फिगचा आवाका किकस्टार्टरएवढा नव्हता, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही पैसा वाढला आणि डोकी निम्म्यावर आली, हे डोळ्याआड करता येत नाही.

ही गेलेली माणसं कुठे गळाली असतील? पहिल्या भागाचे पहिले काही तास मी कामाच्या नजरेने पुन्हा खेळून पाहिले. गिल्डेड वेल नावाचं गाव. गावाच्या मधोमध एक झाड, आणि त्याच्या फांद्यांना लटकवलेली प्रेतं. या प्रदेशात मुलं आत्म्याविना जन्माला येतायत आणि जो हाती लागेल त्याच्यावर गाव सूड उगवतंय. रोल-प्लेइंग खेळांत इतकी दमदार सुरुवात क्वचित वाचायला मिळते. त्याच झाडापाशी पाइप ओढत उभा असलेला शेतकरी-शिपाई एडेर भेटतो, आपल्याबरोबर निघतो, आणि त्याच्या पहिल्या चार वाक्यांत तो आवडायला लागतो.

पण याच गावात सोनेरी पाटीवर नाव लिहिलेली माणसंही उभी आहेत. मोहिमेत मोठी रक्कम देणाऱ्यांना स्वतःचं पात्र खेळात घालायची मुभा होती, ती ही पात्रं. आपला नायक वॉचर, म्हणजे लोकांच्या आत्म्यात डोकावू शकणारा. त्यामुळे या प्रत्येक पात्रावर क्लिक केलं की एक लांबलचक स्वतंत्र कथा उलगडते. तिचा मुख्य कथेशी काडीचाही संबंध नाही. जुन्या खेळाडूला हे लगेच उमगतं. नवा माणूस मात्र इमानेइतबारे सगळं वाचतो आणि लक्षात ठेवायला बघतो. वर देवांची नावं, युद्धांची नावं, आत्म्यांचा व्यापार, हे आहेच. ज्यांनी प्रेमाने पैसे दिले त्यांचा मान राखायलाच हवा होता, यात शंका नाही. पण वाचणाऱ्याची दमछाक झाली ती इथे. स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर कुठल्याही खेळाची पानं उघडून पाहा. किती टक्के लोक कुठल्या प्रकरणापर्यंत पोचले हे तिथे उघड दिसतं, आणि लांब पल्ल्याच्या रोल-प्लेइंग खेळांत शेवट गाठणारे नेहमीच थोडे असतात. विकत घेतलेली प्रत आणि खेळून संपवलेली प्रत यांत मोठी दरी आहे. पुढच्या भागाचं गिऱ्हाईक या दरीच्या पलीकडच्या काठावर असतं.

बाकीची कारणंही खरी आहेत. सप्टेंबर 2017 मध्ये लॅरियन या स्टुडिओचा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन 2’ आला, त्यातल्या लढाया आळीपाळीच्या डावांच्या होत्या, मित्रांबरोबर खेळता येत होत्या, आणि लोकांचा कल तिकडे झुकला. डेडफायरमध्ये आळीपाळीच्या लढाया जानेवारी 2019 मध्ये अपडेटमधून आल्या, तोवर विक्रीचे महत्त्वाचे महिने सरले होते. किल्ले आणि जंगलं सोडून कथा बेटांवर आणि जहाजांवर गेली, हेही काहींना मानवलं नाही असं म्हणतात.

बेटांबद्दलची ही तक्रार मला मुळीच पटत नाही. नेकेटाका हे शहर डोंगरावर थरांनी वसलेलं आहे. वरती राजवाडा, सगळ्यात खाली गलेट नावाची वस्ती. मूळचे हुआना लोक जातींत विभागलेले आहेत, त्यातल्या तळाच्या रोपारूंच्या वाट्याला अन्न सगळ्यांच्या शेवटी येतं. समुद्रावर दोन व्यापारी कंपन्या या बेटांच्या संपत्तीवर हक्क सांगायला आल्या आहेत, आणि प्रत्येकीकडे आपण इथे असण्याचं पटण्याजोगं कारण आहे. ज्यांनी शाळेत सुरतेच्या वखारीपासूनचा इतिहास वाचलाय आणि घराच्या आसपास पाणवठ्यांचा इतिहास ऐकलाय, त्यांना या खेळातले पेच इतर कोणाहीपेक्षा जास्त टोचतील. रोपारूंना न्याय मिळवून देताना तुम्ही नकळत कंपनीचा हात बळकट करता, आणि हुआनांच्या राणीला पाठिंबा दिला तर जातीची उतरंड शाबूत राहते. इतकं प्रौढ लेखन या माध्यमात फार थोड्यांनी केलंय.

मग चुकलं कुठे? माझ्या मते उंबरठ्यावर.

खेळ सुरू होतो तो आपल्या मरणाने. पहिल्या भागात कमावलेल्या किल्ल्याखालून एक प्रचंड पुतळा जागा होतो, त्यात इओथास हा देव शिरलेला असतो, तो किल्ला उद्ध्वस्त करून समुद्राकडे चालू लागतो. आपला आत्मा मृत्यूची देवता बेराथ हिच्यापुढे उभा राहतो. मागच्या भागात आपण काय काय केलं, हे इथे ठरवायचं. जुनी सेव्ह फाइल असेल तर ती जोडायची, नसेल तर तयार इतिहासांपैकी एक निवडायचा. ज्याने पहिला भाग पुरा केलाय त्याच्या अंगावर या प्रसंगात काटा येतो. ज्याने तो अर्ध्यात सोडलाय त्याची अवस्था लग्नघरात उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखी होते: मानपानावरून कोण रुसलंय ते ठाऊक नाही, आणि समजूत काढायला त्यालाच पुढे केलंय. शिवाय देवांबद्दलचं जे गुपित पहिल्या भागाच्या शेवटी फुटतं, त्याच्यावरच दुसऱ्याची सगळी उभारणी आहे. म्हणजे पहिला भाग कधीतरी पुरा करू म्हणणाऱ्याने दुसरा घेतला की पहिल्याची गोडी गेली, आणि नाही घेतला तर दुसऱ्याची विक्री गेली.

लेखकांना हे कळत होतं याची खूण खेळात जागोजागी आहे. संवादातल्या अनोळखी नावांना वेगळा रंग दिलाय. त्यावर माउस नेला की छोटीशी चौकट उघडते आणि हा देव कोण, हे युद्ध कुठलं, ते सांगते. ही सोय मला फार आवडते. पण चौकट माहिती देते, ओढ देत नाही.

एडेरचंच पाहा. तो इओथासचा भक्त. याच देवाचा अवतार म्हणवणाऱ्या माणसाच्या सैन्याविरुद्ध तो लढलाय. त्याच युद्धात त्याचा भाऊ गेला, आणि भाऊ नेमका कोणत्या बाजूने लढत होता, या प्रश्नाने त्याला पहिल्या भागभर पोखरलंय. आता तोच देव पुन्हा चालू लागलाय आणि एडेर आपल्या जहाजावर आहे. डेडफायरचा सगळा भावनिक भार मला या एका माणसावर तोललेला दिसतो. इओथासचं नाव निघालं की त्याच्या विनोदी बोलण्यात जी फट पडते, ती लिहिणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केलाय. पण ती फट ऐकू यायला आधीचे चाळीस-पन्नास तास त्याच्यासोबत घालवलेले असावे लागतात. नव्या माणसाला दिसतो तो एक गमत्या दाढीवाला. मागच्या भागात एडेरच्या कथेचा शेवट तुम्ही कसा केलात यावरून इथली त्याची काही वाक्यं बदलतात. आमच्या धंद्यात प्रत्येक जुन्या निर्णयाचा एक फ्लॅग असतो, आणि प्रत्येक फ्लॅगसाठी वेगळे संवाद लिहा, ध्वनिमुद्रित करा, तपासा. सगळ्यात जास्त मेहनत अशी सगळ्यात थोड्या लोकांसाठी होते. ती करूच नये असं मी म्हणणार नाही. त्या थोड्यांसाठीच तर या प्रकारचे खेळ जिवंत आहेत. प्रश्न क्रमाचा आहे.

‘विचर 3’ ने हा क्रम कसा लावला ते पाहण्यासारखं आहे. 2015 सालचा तो खेळ मालिकेतला तिसरा, तरी आधीचे दोन न खेळलेल्यांनी तो डोक्यावर घेतला. तो आधी व्हाइट ऑर्चर्ड या छोट्या भागात तुम्हाला मोकळं सोडतो. भुतं, सैनिक, विहिरीपाशी एक शोध. काही तास असे गेल्यावर नायक गेराल्टला सम्राटापुढे न्यायचं असतं म्हणून त्याची दाढी करायला बसवतात, आणि वस्तरा गालावर असताना एक सरदार मागच्या घडामोडींची चौकशी करतो. त्या चौकशीत मागच्या खेळातले निर्णय नोंदले जातात. खेळ सुरू करताना हे निर्णय ठरवण्याचा पर्याय निवडला नसेल तर ते प्रश्न येतही नाहीत. तोवर गेराल्ट आपला झालेला असतो, त्यामुळे प्रश्न आले तरी परीक्षा वाटत नाहीत. लॅरियनने 2023 मध्ये ‘बाल्डर्स गेट 3’ आणला तो दुसऱ्या भागानंतर शंभरेक वर्षांनी घडणारा, नव्या नायकाचा. जुनी माणसं त्यात भेटतात, पण ती न ओळखता खेळ पुरा होतो. ऑब्सिडियननेही ‘पिलर्स’च्याच इओरा जगात परतताना 2025 च्या ‘अवाउड’ला तीनचा आकडा लावला नाही.

आम्ही आता एका पुढच्या भागाची पहिली दोन प्रकरणं लिहितोय. प्लेटेस्टला मी मुद्दाम तीन तऱ्हेची माणसं बोलावते: पहिला भाग संपवलेली, अजिबात न खेळलेली, आणि अर्ध्यात सोडलेली. तिसऱ्या तऱ्हेची माणसं मिळवणं सगळ्यात अवघड जातं, कारण सोडल्याचं कबूल करायला लोक संकोचतात. पण सगळ्यात जास्त शिकवतात तीच. कुठल्या नावाशी त्यांचा हात थबकतो, कुठे ती विषय बदलल्यासारखी पुढे क्लिक करतात, हे मी वहीत टिपून घेते आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच वाक्यं पुन्हा लिहायला घेते.

आणि डेडफायर अजून ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: पहिला भाग आधी घ्या. सोप्या पातळीवर खेळा, सोनेरी पाटीची माणसं सरळ ओलांडून जा, आणि गिल्डेड वेलच्या झाडापाशी उभ्या असलेल्या माणसाला सोबत घेऊन त्याला शेवटपर्यंत टोळीतून काढू नका.