भीड

‘गैरहजर राहिल्यास फी वजा केली जाणार नाही.’ वाक्यात चूक नाही, उद्धटपणा नाही, आणि नियम तर रास्तच आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते टाकायचं, एवढंच काम. आधी ‘कृपया’ लावलं तर अजिजी वाटते, काढलं तर बँकेची नोटीस वाटते. मग ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा’ असं काहीतरी पुढे जोडलं जातं, जे समोरासमोर बोलताना माझ्या तोंडून कधी निघणार नाही. अशा वेळी काकूंची म्हण हटकून आठवते: भीड भिकेची बहीण.

काकू म्हणजे आमच्या बुवांच्या पत्नी. तालीम बाहेरच्या खोलीत चाले आणि संपली की स्वयंपाकघरातून हाक येई. मी दुसरी भाकरी नको म्हणाले, तेव्हा ती ताटात टाकता टाकता काकू हे म्हणाल्या. मी ते जेवणापुरतंच घेतलं. पुढे वाटू लागलं, बोलणं माझ्याशी असलं तरी रोख बाहेरच्या खोलीकडे असावा. बुवांनी फीचा विषय कधी काढला नाही. गुरुपौर्णिमेला पाकीट तंबोऱ्यापाशी ठेवून आम्ही नमस्कार करायचो; ते कोण उचलतं, कधी उघडतं, आम्हाला माहीत नसे. महिना कसा निघतो ते काकूंनाच ठाऊक. की रोख माझ्या गळ्यावर होता? मी तेव्हा दबून गायची, तार षड्जाशी आवाज आखडायचा, आणि बुवा ‘भीड सोड’ एवढंच म्हणायचे. ते आतपर्यंत ऐकू जात असणारच. काकू आता नाहीत, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही.

भीड धरली की भिकेची पाळी येते, हा म्हणीचा सरळ अर्थ. मला मात्र बुवांकडे पाहून उलटंच वाटत राहतं. त्यांनी तोंड उघडून मागितलं नाही, आणि कुणाच्या दारात ते कधी उभेही राहिले नाहीत. त्यांना भिडेनंच सावरलं, असं म्हणायला जीव धजतो. पण काकूंच्या बांगड्या आठवल्या की तेही म्हणवत नाही. एका वर्षी त्या हातात दिसल्या नाहीत, आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.

मिरजेत राहून या विषयावर विचार करताना विष्णु दिगंबर पलुस्करांना ओलांडून जाता येत नाही. इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले आणि १८९६ साली बाहेर पडले. गाणं ऐकायला बोलावतात, पण गवयाला पंगतीत मान देत नाहीत, हे त्यांना सोसलं नाही. तिकीट लावून जाहीर मैफली, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय, छापील पुस्तकं, ठरलेला अभ्यासक्रम. गाणं शिकवून पोट भरतो हे चारचौघांत ताठ मानेनं सांगता यावं, ही सोय त्यांनी केली. माझ्याकडची मुलं प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देतात ती त्यांच्याच शिष्यपरंपरेची पुण्याई. एवढी भीड टाकून दिलेला दुसरा गवई मला आठवत नाही. तरी त्यांच्या मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. शेवटी ते रामभजनात रमले. इथे काकूंची म्हण माझा हात सोडते.

परवा तंबोरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले होते. जवारी बिघडली होती. कारागिरानं तार उतरवली, घोडीवर कानस इतकी हलकी फिरवली की भुकटीसुद्धा नीट दिसेना, तार चढवली, छेडली, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा उतरवली. असं बराच वेळ. शेवटी तारेखालचा दोरा नखानं केसभर पुढे सारला आणि खर्ज एकदम उघडला, खोलीभर झाला. मला गलबलून आलं. त्यानं हात पुसले आणि मजुरीचा आकडा सांगितला. आवाज ना वर ना खाली. मी दिले, त्यानं घेतले, चहा आला.

वाटेत मनात आलं, त्याच्या हातात वस्तू असते, माझ्या हातात काही नसतं, म्हणून मला अवघड जातं. पण हे खरं नाही. त्यानं तरी मला काय दिलं? तंबोरा माझाच होता. त्यानं फक्त ऐकलं, आणि ऐकू येईल तसं थोडं सरकवलं. मीही तेच करते. मुलीचा गंधार उतरला की बोलत नाही, बोट जरासं वर करते, ती सावरते. वर्गात मला शब्द फार लागत नाहीत, आणि माझ्या शिकवण्यातला तोच भाग मला सगळ्यात खरा वाटतो. पालकांना कळवायचं म्हटलं की मात्र सगळं शब्दांतच करावं लागतं.

माझ्याकडच्या एका मुलाचा आवाज फुटतो आहे. मध्यमाची तयारी चालली होती, ती थांबवली. त्याच्या वडिलांनी सरळ विचारलं, ‘ताई, आवाज बसेपर्यंत क्लास बंद ठेवू का?’ मला वाटतं त्यानं यावं, तंबोरा लावावा, बाकीच्यांचं ऐकावं. बुवांकडे आम्ही अर्धं गाणं ऐकूनच शिकलो. पण जो गाणार नाही त्याची पूर्ण फी घ्यायची का? घेतली नाही तर तो नुसता बसायला येतो असं त्याच्या घरचे धरून चालतील, आणि पहिल्या लग्नसराईत यायचा थांबेल. घेतली तर कशाची घेतली, हे त्यांना पटेल असं मला लिहिता यायला हवं. अर्धी घ्यावी, तर ऐकण्याची किंमत गाण्याच्या निम्मी असं मीच ठरवल्यासारखं होईल, आणि ते तर मला मुळीच मान्य नाही.