मोळी आणि डोंगर

मनुष्यानें अग्नि हस्तगत केला तेव्हांपासून चुलीचा आणि रानाचा संबंध जडलेला आहे. अन्न शिजविण्यास जळण पाहिजे, ही गोष्ट इतकी नित्याची कीं, तिजविषयीं विचार करावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु रानें कोणीं बुडविलीं, असा प्रश्न निघाला म्हणजे मात्र बोट बहुधा डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईकडे वळतें. एका समारंभांत वक्त्यांच्या तोंडून हाच आरोप मीं ऐकला. माझी आजी जन्मभर मोळ्या वाहत आली. तेव्हां या आरोपांत तथ्य किती, याचा शोध घ्यावा असें मला वाटलें.

आमचें गांव संगमेश्वर तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. आजीची मोळी मीं कित्येकदां सोडून पाहिली आहे. तींत ऐन-किंजळाच्या गळून पडलेल्या फांद्या, करवंदीच्या वाळक्या काटक्या, कुंपणाची छाटणी आणि एखादी झावळी असे. मनगटाहून जाड लाकूड क्वचितच आढळे. "ओलें झाड तोडून काय करूं, बाबा? तें जळायचें नाहीं, नुसता धूर व्हायचा," असें ती म्हणे. कोयत्यानें जें तुटेल आणि मानेला जें पेलेल, तेवढेंच ती आणी.

हा अनुभव एकट्या आमच्या घरचा नाहीं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील प्रा. अमूल्य रेड्डी व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९७० नंतरच्या दशकांत कर्नाटकांतील पुरा या खेड्याच्या जळणाचा बारकाईनें अभ्यास केला. तेथेंहि घरोघरचें जळण मुख्यतः वेंचलेल्या काटक्यांचेंच असल्याचें त्यांस आढळून आलें.

तथापि मोळी सर्वस्वीं निर्दोष आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. रानाची वार्षिक वाढ हें व्याज आणि उभीं झाडें हें मुद्दल, असें समजूं. व्याजावर निर्वाह चालला तर रान टिकतें. मुद्दलास हात लागला कीं तें खंगतें. रॉबर्ट बेलिस प्रभृति संशोधकांनीं इ. स. २०१५ सालीं उष्ण कटिबंधांतील देशांचा हाच हिशेब प्रसिद्ध केला. २००९ सालीं तोडलेल्या जळाऊ लाकडापैकीं शेंकडा २७ ते ३४ भाग मुद्दलांतून गेला, असें त्यांचें अनुमान आहे. बाकीचा सुमारें दोनतृतीयांश भाग पुनः भरून येणारा होता. मुद्दल खाणारे प्रदेश मुख्यतः दक्षिण आशिया व पूर्व आफ्रिका येथें आढळले, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

मग आमच्या गांवासमोरचा डोंगर उघडा कसा पडला? रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी वन फारच थोडें. बहुतेक झाडी खाजगी मालकीची. घरांत लग्न निघालें किंवा आजारपण आलें म्हणजे मालक उभी झाडी ठेकेदारास विकतो. आमच्या डोंगराचें असेंच झालें. पंधरा दिवस करवती चालल्या आणि लाकूड ट्रकांत भरून वीटभट्ट्यांकडे व कारखान्यांच्या बॉयलरांकडे गेलें. कांहीं वर्षांनीं खुंटांस कोंब फुटून झाडी वाढली. तीहि तशीच गेली. शेवटीं तेथें काजूचीं कलमें लागलीं. मालकास मी दोष देत नाहीं. त्याचीहि गरज खरी होती. पण आजीच्या मोळीची जागा गेली, आणि त्या वाडीच्या बायकांस आतां जळणासाठीं कितीतरी अधिक चालावें लागतें.

या फेरबदलाची नोंद आकाशांतून होते काय? पृथ्वीची पाहणी करणारा पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ सालीं सुटला. आपल्या देशांत उपग्रहांच्या चित्रांवरून वनांचा अहवाल काढण्याचें कार्य भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून करीत आहे, आणि तें मोठें उपयुक्त आहे. परंतु तिची व्याख्या समजून घेतली पाहिजे. निदान एक हेक्टर क्षेत्रावर झाडांच्या माथ्यांचें आच्छादन शेंकडा १० किंवा अधिक असलें म्हणजे ती जागा वनाच्छादित गणली जाते. जमीन कोणाची, झाड कोणत्या जातीचें, लावलेलें कीं आपोआप वाढलेलें, याचा तेथें विचार नसतो. सबब आमच्या डोंगरावर ऐन-किंजळ होता तेव्हां तो हिरवा, कोंबांची झाडी वाढली तेव्हां हिरवा, आणि काजू मोठा झाल्यावरहि हिरवाच! उपग्रह खोटें सांगत नाहीं; पण जें त्यास विचारलेलें नाहीं तें तो सांगत नाहीं. मोळीवालीचें चालणें कोणत्याच नकाशांत उमटत नाहीं.

आणि तिचा धूर? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं. फुंकणीनें जाळ करितां करितां आजीचे डोळे सदैव लाल असत, आणि खोकला तिला शेवटपर्यंत सुटला नाहीं. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें कोट्यवधि घरीं गॅस पोहोंचविला, हें उत्तम झालें. तरी आमच्या वाडींत चहा गॅसवर होतो, आणि आंघोळीचें पाणी व भात अद्याप चुलीवरच. कारण टांकी संपली म्हणजे नवीस पैसे लागतात, काटकीस लागत नाहींत. म्हणजे जिनें रानाचें सर्वांत कमी नुकसान केलें, तिनेंच दोष, धूर आणि लांबची वाट हीं तिन्ही सोसावीं, असा हा न्याय आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुटींत गांवीं जाल तेव्हां एखादी मोळी सोडून तींत काय काय आहे तें पाहा. समोरच्या डोंगरावर आज काय आहे, जुनें रान, तोडीनंतरचे कोंब कीं काजू, हें झाडांच्या नांवांसह वहींत तारखेनिशीं लिहून ठेवा, आणि दरवर्षीं त्याच जागेवरून तें पुनः तपासा. पालकांसहि विनंति आहे कीं, डोंगरावर पूर्वीं काय काय होतें, हें आपल्या मुलांस सांगावें. घरांतील वडील माणसांस तें अजून आठवतें.