जिवावरचं बोटावर

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्यात एक वाद हमखास होतो: हिट पॉइंट म्हणजे नेमकं काय? ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि पात्राच्या कागदावर एक आकडा. तलवार लागली की फाशावर पडेल तेवढं त्यातून वजा. शून्यावर आलात की कोसळलात.

आकडा म्हणजे अंगातलं रक्त, असं आधी वाटतं. पण नवख्या लढवय्याचे दहा-बारा पॉइंट असतात आणि मुरलेल्याचे शंभराच्या वर. अनुभवाने कुणाच्या अंगात दसपट रक्त होत नाही. दोनशे फुटांवरून पडलं तर सहा बाजूंचे वीस फासे टाकायचे, म्हणजे सरासरी 70. मुरलेला गडी त्यातूनही उठतो आणि कपडे झटकतो.

याचं मूळ खेळाच्या जन्मात आहे. 1971 सालच्या 'चेनमेल' या युद्धखेळात साधा शिपाई एका फटक्यात मरायचा. छोट्या बाहुल्यांच्या फौजा लढवताना ते ठीकच होतं. पण डेव्ह अर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचं एकच पात्र असायचं, त्याला नाव असायचं, आणि असं पात्र एका फाशाने गेलं की जीव हळहळायचा. अर्नेसनने नंतर सांगितलं, की फटके मोजायची कल्पना त्याने अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या खेळातून घेतली. म्हणजे जहाजासाठी केलेला हिशेब माणसाला लावला गेला. 1974 मध्ये त्याने आणि गॅरी गायगॅक्सने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापला, त्यात तो कायमचा बसला.

1978च्या पुस्तकात गायगॅक्सने स्वतःच खुलासा केला. दहाव्या पातळीच्या लढवय्याचे 85 पॉइंट म्हणजे चार दांडग्या लढाऊ घोड्यांना मारायला लागेल इतका मार. तो एक माणूस खरोखर अंगावर घेतो असं मानणं हास्यास्पद आहे. यातला बराचसा भाग म्हणजे कसब, नशीब आणि जादूची कृपा. 2014च्या आवृत्तीत शारीरिक आणि मानसिक तग, जगण्याची इच्छा आणि नशीब अशी बेरीज आहे. अर्धे पॉइंट जाईपर्यंत अंगावर सहसा खूण दिसत नाही, पुढे खरचटतं, आणि खरा घाव बसतो तो शेवटचा.

इथे वाद पेटतो. वार लागलाच नसेल, तर पात्यावरचं विष अंगात कसं भिनलं? आणि जखमा भरायचा मंत्र मग नेमकं काय भरतो, नशीब?

दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये मी हा खेळ मराठीतून चालवते. हिट पॉइंटला कुणी 'प्राण' म्हणालं, कुणी 'दम'. एकदा चहा घेऊन आलेल्या आईने विचारलं, "कसले गं पॉइंट मोजता सारखे?" मी गायगॅक्ससकट सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे जिवावरचं बोटावर निभावतं ना, ते किती वेळा निभावेल त्याचा हिशेब." याहून नेमकी व्याख्या मी कुठल्याही आवृत्तीत वाचलेली नाही.

त्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. आता त्यांना कुशीवर वळवणं, व्यायाम, गोळ्यांच्या वेळा, भरवणं. नोकरीच्या वेळात हे सगळं आईवर. आणि खेळातला जो नियम मला कायम खोटा वाटत आला होता, तो मी घरात खरा होताना पाहिला. खेळात पात्र एका पॉइंटवर असलं तरी त्याचा हात शंभरवर असताना चालतो तितकाच जोरात चालतो. आईचंही तसंच. पोळ्या तितक्याच, अंथरूण तितकंच ताठ घातलेलं. एका सकाळी दूध उतू गेलं आणि ती ओट्याखाली बसली ती उठेचना. अवसानच गळालं. दूध म्हणजे फार तर एका पॉइंटचा फटका. मोजायचे होते ते आधीचे.

टेबलावर मात्र कुणी आकडा लपवत नाही. "मी तीनवर आहे," असं लढवय्या सहज ओरडतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि कुणीतरी मंत्र घेऊन धावतं. आईच्या पिढीच्या बायकांना 'दमले' म्हणणं तक्रार केल्यासारखं वाटतं. आकड्याचं तसं नसतं. महिन्याभराने एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज माझे दोनच उरलेत. कुकर तू लाव."

आता रोज विचारतो. बाबाही बऱ्या हाताची बोटं दाखवून आपला आकडा सांगतात. कधीकधी आईपेक्षा जास्त असतो.

नव्या नियमांत आठ तास विश्रांती घेतली की सगळे पॉइंट परत मिळतात. गायगॅक्सच्या 1979च्या पुस्तकात दिवसाच्या विश्रांतीला एक पॉइंट होता. आईचं शरीर जुन्या नियमांनी चालतं. म्हणून आठवड्यातले तीन दिवस आम्ही रात्रीची बाई ठेवली आहे. त्या रात्री आई आतल्या खोलीत दार लावून झोपते.