लॅमिंग्टन रोडवर मॅकचं ऑपरेशन

शनिवारी सकाळी ग्रॅण्ट रोडला पूर्वेकडे उतरले तेव्हा सॅकमध्ये डब्याच्या शेजारी मॅकिंटॉश क्लासिकचा लॉजिक बोर्ड होता. म्हणजे आपल्या भाषेत मदरबोर्ड. मॉडेल 1990 चं, बाबांनी 1993 मध्ये सेकंडहॅण्ड घेतलेलं. गिरगावच्या खोलीत त्यावर त्यांनी लग्नपत्रिका केल्या, आणि रात्री जागून स्वतःच्या वळणाची देवनागरी अक्षरं काढली. फ्लॉप्या बुरशीने गेल्या. अक्षरं उरली ती हार्ड डिस्कवरच. महिनाअखेर खोली रिकामी करायचीय आणि सुरू केलं की पडद्यावर नुसता बुद्धिबळाचा पट!

(डबा मी उघडला नाही हं. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही हाय व्होल्टेज राहतं. ते काम शेजारच्या टीव्हीवाल्या काकांनी केलं.)

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते पत्त्यापुरतं. 1903 ते 1907 मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन काही इथून हलत नाही. फुटपाथवर केबल्सची भेंडोळी, बोळात गाळे, गाळ्यात टेबलाएवढं वर्कशॉप. तीन जणांनी बोर्ड बघून 'भंगार' म्हटलं. चौथा मोबाइल रिपेअरवाला. त्याने मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि म्हणाला, "ताई, कपॅसिटर रडलेत."

खरंच रडले होते. आतलं द्रावण गळून तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. बॉस, इस्त्री लागताच, म्हणजे सोल्डरिंगची, जो वास सुटला तो थेट सुक्या बोंबलाचा! कपॅसिटर निघाले, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने टूथब्रश मारून धुतला. मग मल्टिमीटर. रेघेच्या दोन टोकांना सुया लावायच्या, रेघ शाबूत असेल तर बीप. एका ठिकाणी बीप आलाच नाही. कपॅसिटरखाली रेघ खाल्ली गेली होती. तिथे त्याने केसाएवढी तार जोडली. श्वास रोखून बघत होते मी.

पार्ट्स मीच आणले, समोरच्या गाळ्यातून, 47 मायक्रोफॅरॅडचे टॅण्टलम. तो बसवायला लागला तशी मी ओरडले, "अहो भाऊ, पट्टी उलटी!" गळक्या कपॅसिटरवर काळी खूण मायनसला होती, हा नव्याची पट्टी प्लसला लावत होता. "टॅण्टलमची पट्टी प्लसच असते, ताई. उलटा लावला तर फुटतो." नेटवर सगळं वाचून गेलेली मी, गप्प बसले.

बॅटरीही काढून टाकली. साडेतीन-पावणेचार व्होल्टची ही छोटी बॅटरी फुटली तर बोर्ड खाऊन टाकते.

संध्याकाळी गिरगावात काकांनी बोर्ड बसवला. क्लासिकच्या रॉममध्येच एक आख्खी सिस्टिम लपवलेली आहे. कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ दाबून धरून सुरू करायचं, डिस्क लागतच नाही. बाबांची बोटं थरथरत होती, म्हणून ओ मी दाबला. पट गायब. छोटा हसरा मॅक आला, मग डेस्कटॉप.

हार्ड डिस्क मात्र हूं की चूं नाही. बाबांनी कान लावून बघितलं. मग शांतपणे माऊस हलवत म्हणाले, "डिस्कवाला कुणी आहे का गं तिथे? उद्या जाऊ."

"उद्या रविवार, बाबा. बंद असतं."

"मग सोमवारी हाफ डे टाक."

टाकलाय.