ट्रामची वेळ

आमच्या आजोबांना मुंबईस जावयाचे असले म्हणजे गाडी दुपारी दोनची असो की पहाटे चारची, त्यांच्या प्रस्थानाची घटका गाडीच्या वेळेवरून मुक्रर होत नसे. ती होई पंचवीस वर्षांपूर्वीच बंद पडलेल्या एका वाहनाच्या वेळेवरून, आणि हा हिशेब घरात त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणाला मान्य नसल्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रवासाचा आरंभ आजीच्या पुटपुटण्याने होत असे. गाडीच्या तीन तास आधी ते कोट चढवून, टोपी घालून, वळकटीवर हात ठेवून ओटीवर बसलेले असत. "स्टेशन काही पळून जात नाही हो," असे आजी माजघरातून म्हणे. त्यावर आजोबांचे उत्तर ठरलेले असे : "स्टेशन नाही पळत. ट्राम पळते."

तांबट लेनमधल्या आमच्या त्या वाड्यात हा संवाद मी इतक्यांदा ऐकला होता, की 'ट्राम' हा शब्द म्हणजे आजोबांच्या बोलण्यातली एखादी लकब असावी, असेच बरेच दिवस मला वाटत असे. माझ्या लहानपणीच्या नाशकात टांगे होते, सायकली होत्या, एस. टी. नव्याने रुळली होती. पण ट्राम हे मुंबईचे वैभव, ते आमच्या गावच्या रस्त्यांवर कुठून असणार? आजोबांनी मात्र एका संध्याकाळी मला हाताला धरून मेन रोडवर नेले, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीसमोर उभे केले, आणि एखाद्या मिळकतीची हद्द दाखवावी तशा निश्चयी स्वराने सांगितले, "इथून निघायची." कलेक्टर कचेरीत अव्वल कारकुनीवर सारी हयात घालवलेल्या त्या माणसाला रुजवात घेतल्याखेरीज बोलण्याची सवयच नव्हती, म्हणून मी त्या क्षणापासून विश्वास ठेवला.

ती खरोखरच होती. १८८९ साली नाशिक ट्रामवे कंपनीने ती सुरू केली. दोन डबे आणि त्यांना ओढणारे चार घोडे एवढा तिचा सरंजाम, आणि मेन रोडपासून नाशिकरोड स्टेशनापर्यंतची आठ-दहा किलोमीटरांची वाट एवढा तिचा मुलूख. आजोबा त्या वाटेला अडीच कोस म्हणत. मैल त्यांना कचेरीपुरते मंजूर होते, किलोमीटर तर अखेरपर्यंत नामंजूरच राहिले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट घाट चढून वर आली खरी, पण ती गोदावरीच्या काठी वसलेल्या गावाला दुरूनच नमस्कार करून पुढे निघून गेली, आणि गाव एकीकडे व गाडी दुसरीकडे अशी जी फारकत झाली ती आजतागायत मिटलेली नाही. मधल्या टापूत तेव्हा दाट झाडी होती. रात्रीअपरात्री गाडीतून उतरलेल्या यात्रेकरूला टांगेवाल्याची दया भाकण्यावाचून गत्यंतर नसे. अशा त्या वाटेवर दोन डब्यांची का होईना, पण तिकिटाच्या दराने बांधलेली आणि कोणाचे तोंड पाहून भाडे न ठरवणारी सवारी सुरू झाली, ही गोष्ट त्या काळच्या नाशिककरांना केवढी वाटली असेल, ते नाशिकरोडला मध्यरात्री रिक्षावाल्यांशी ज्याने हुज्जत घातली आहे त्यालाच कळावे.

आजोबांच्या सांगण्यात घोड्यांहून माणसे अधिक येत. नाशिक हे क्षेत्र. तिथे येणारा प्रवासी बहुधा कामासाठी येत नाही, काही सोडण्यासाठी येतो. रामकुंडात विसर्जित करावयाच्या अस्थींचा तांब्या फडक्यात बांधून मांडीवर घट्ट धरून बसलेला कोणी एक, आणि त्याच्याच शेजारी नव्या लुगड्याचा वास अंगाभोवती दरवळत असलेली, सासरी निघालेली मुलगी, असे दोघे एकाच बाकावर बसलेले आपण पाहिले आहेत, असे आजोबा सांगत. ट्रामच्या हेलकाव्याने तांब्या मुलीच्या कोपराला लागे, ती अंग चोरी, तो माणूस ओशाळून तांब्या दुसऱ्या मांडीवर घेई, आणि पुढच्या हेलकाव्याला पुन्हा तेच. ह्या कथेत ह्यापलीकडे काहीच घडत नसे. तरी आजोबा ती पुनःपुन्हा सांगत, आणि दर वेळी "अडीच कोस असंच," ह्या शब्दांनी ती संपवीत.

१९३१ ते १९३३ ह्या दरम्यान ट्राम बंद झाली. वर्षानुवर्षे तोटा आला, आणि तो दुष्काळाने व प्लेगने आला, असे सांगितले जाते. मला ह्या कारणांविषयी किंचित शंका आहे. मुंबई इलाख्याला हलवून सोडणारा प्लेग १८९६ पासूनचा आणि तो भयंकर दुष्काळ १८९९-१९०० सालचा. ह्या दोन्ही आघातांनंतरही जी सवारी तीस वर्षे तग धरून राहिली, तिने शेवटी मान टाकली ती केवळ जुन्या दुखण्याने, असे मानणे जड जाते. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावच्या रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या होत्या. मोटारीला रूळ नको, वैरण नको, आणि ती थेट वाड्याच्या दाराशी उभी राहते. एखाद्या आजारी माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर जुने दुखणे लिहावे आणि नवा वैद्य कोण होता ते लिहू नये, तसा काहीसा हा प्रकार असावा. पण हे माझे अनुमान, आणि अनुमानावर शेरा मारणे आजोबांना खपले नसते.

मी ट्राममध्ये बसलो तो नाशकात नव्हे, मुंबईत. १९५९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या नवव्या वर्षी, आजोबांबरोबर. धाकटे काका लालबागला एका चाळीत बिऱ्हाड करून होते, आणि बोरीबंदरला उतरल्यावर तिकडे जावयाचे ते ट्रामने, हे आजोबांनी टांग्यात बसतानाच जाहीर केले होते. (त्या दिवशीही आम्ही नाशिकरोडच्या फलाटावर दोन तास बसलो, मी सामानाच्या गाडीची चाके मोजून कंटाळलो, आणि आजोबा अगदी स्वस्थपणे, जणू हाच प्रवासाचा मुख्य भाग आहे अशा तृप्तीने, बाहेरच्या रस्त्याकडे पाहत राहिले.) ट्राम आली तेव्हा ती मला एखाद्या लांबट, खिडक्यांच्या ओसरीसारखी भासली. ड्रायव्हर उभाच होता. तो पायाने घंटा ठोकी, आणि तो ठणठणाट ऐकून भायखळ्याच्या गर्दीतले हातगाडीवाले जराही घाई न करता, अगदी शेवटच्या घटकेला बाजूला होत. एका आण्यात सारी मुंबई पालथी घालता येत असे, हे जुन्या मुंबईकरांचे पालुपद काकांच्याही तोंडी होते; नवे पैसे येऊन दोन वर्षे लोटली होती तरी आण्याचा तो अभिमान ओसरला नव्हता.

आजोबा खिडकीशी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि डोळे मिटून घेतले. त्यांना झोप लागली असे समजून मी गप्प राहिलो. पुष्कळ वेळाने डोळे न उघडताच ते म्हणाले, "हिला दम लागत नाही."

काय म्हणायचे आहे ते मला कळले नाही. मग त्यांनी समजावले. गावच्या ट्राममध्ये डोळे मिटून बसले तरी आपण कुठवर आलो ते उमगत असे, कारण घोड्यांचा श्वास ऐकू येई. डबे भरलेले असले की तो श्वास वेगळा, रिकामे असले की वेगळा, आणि मुक्काम जवळ आला की जनावराला तो माणसाआधी कळून त्याचा श्वासच हलका होई. विजेच्या ट्राममध्ये चाकांचा खडखडाट तेवढा होता. तो बोरीबंदरापासून लालबागेपर्यंत एकसारखा. मुंबईलाही एके काळी घोडेच होते, हे मला पुढे वाचनातून कळले : ९ मे १८७४ रोजी तिथली पहिली ट्राम धावली तेव्हा स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीच्या पागेत नऊशे घोडे होते, पुढे त्यांना रजा मिळाली, आणि ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम आली. नाशिकची ट्राम त्यानंतरही पाव शतक चालत राहिली.

परतण्यापूर्वी काकांनी आम्हांला मुद्दाम दादरच्या अखेरच्या थांब्यावर नेले. तिथे मी जे पाहिले ते अजून तसेच डोळ्यांसमोर आहे. ट्राम थांबली, लोक उतरले, ड्रायव्हरने आपला पितळी दांडा काढून हातात घेतला, आणि तो डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला गेला. कंडक्टरने एकेका बाकाची पाठ धरून खाड्‌ खाड्‌ उलटवली, आणि पाहता पाहता ट्रामचे शेपूट तिचे तोंड झाले. आजोबा लहान मुलासारखे हसले. "पाहिलंस? घोडे सोडून पलीकडच्या अंगाला जुंपतोय," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. वीज आणि घोडा ह्यांच्यातले अंतर, ज्यापायी ते आठवडाभर किंचित खिन्न होते, त्यांच्यापुरते त्या क्षणी मिटले असावे. आम्ही उतरलोच नाही. त्याच ट्रामने परत फिरलो.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. ती पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे लोटली होती, ट्रामला पाय ठेवायला जागा नव्हती, असे काकांनी पत्रातून कळवले. आजोबांना तेव्हा वाचणे जमत नसे. ते पत्र मी वाचून दाखवले. ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाने सारा मजकूर ऐकून घेतला, आमच्या गावच्या ट्रामच्या शेवटच्या फेरीला कोणी आले होते की नाही ह्याविषयी एक अक्षरही काढले नाही, आणि जरा थांबून एवढेच विचारले, "मग आता दादरच्या लोकांनी घरून किती आधी निघायचं?"

त्यांच्या पश्चात त्यांची ट्रंक आम्ही उघडली. पंचांगे निघाली, पेन्शनीचे कागद निघाले, कोर्टाच्या दोन नकला निघाल्या. कागदाचा कपटाही न टाकणाऱ्या त्या कारकुनाच्या दप्तरात ट्रामचे एक तिकीट असेल अशी माझी समजूत होती. ते नव्हते.

गेली काही वर्षे गावात पुन्हा अशाच एका वाहनाचे बोलणे चालू आहे. 'मेट्रो निओ' असे त्याचे नाव. डोक्यावर विजेची तार, पायाखाली मात्र रुळांऐवजी रबराची चाके. गंगापूरपासून द्वारका चौकावरून नाशिकरोडपर्यंत त्याची एक वाट आखलेली आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ह्या योजनेसाठी २,०९२ कोटी रुपयांचा आकडाही वाचून दाखवला गेला. हे लिहीत असताना तरी तो आकडा कागदावरून खाली उतरलेला नाही. उतरेल तेव्हा उतरो. माझ्या वयाच्या माणसाने नवीन वाहनाची वाट पाहण्यात आणि जुन्याची आठवण काढण्यात फारसा फरक उरत नाही.

मागच्या महिन्यात मुलाकडे जाण्यासाठी नाशिकरोडला गेलो, तो गाडीच्या दोन तास आधी. नासर्डीचा पूल, उपनगरचा नाका, सारे मागे टाकून रिक्षा पंचवीस मिनिटांत पोहोचली होती. तेव्हा उरलेल्या वेळेचे काय करावे हा प्रश्न होता, आणि उत्तर म्हणून मी स्टेशनाबाहेरच्या एका कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलो. नुकत्याच आलेल्या गाडीतून माणसे बाहेर पडत होती. त्यांतला एक तरुण, डोके नुकतेच भादरलेले, हातात लाल फडक्यात बांधलेला तांब्या, माझ्यापाशी येऊन थबकला, आणि रामकुंड किती लांब आहे म्हणून त्याने विचारले.

"अडीच कोस," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याने तांब्या ह्या हातातून त्या हातात घेतला. मग मी त्याला किलोमीटर सांगितले.